करडा रकाना

आपल्याबद्दलची चुकीची माहिती नेहमी करड्या रकान्यात असते. दुरुस्तीचा कुठलाही ऑनलाइन फॉर्म उघडून बघा. पिनकोड बदला, पर्यायी मोबाइल नंबर टाका, 'जवळची खूण' म्हणून मारुतीच्या देवळाऐवजी मोबाइलचा टॉवर लिहा, कुणाची ना नसते. हे रकाने पांढरेशुभ्र असतात आणि त्यातलं आपलं सगळं आधीपासूनच बरोबर असतं. वडिलांच्या नावातला काना जिथे उडालाय, जन्मसाल जिथे दहा वर्षं पुढे सरकलंय, तो रकाना मात्र करडा. त्यावर बाण नेला की बाणाचं वर्तुळ होतं आणि वर्तुळावर तिरकी रेघ येते. रस्त्यावर अशी पाटी दिसली की आपण तिच्याखालून बिनदिक्कत स्कूटर दामटतो. इथे दामटता येत नाही, हे पचायला जड जातं.

मग माणसं तो रकाना दाबायला लागतात. आधी हळू, मग जोरात, मग "तुमचा माउस बिघडलाय" असं म्हणत. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर स्क्रीनला उद्देशून "अहो, मी स्वतः सांगतोय ना!" असं सुनावलेलं मी ऐकलंय. स्वतः सांगतोय, इथेच तर घोडं अडतं. ज्याची माहिती तोच बदलायला आला म्हटल्यावर कुठलीही यंत्रणा सावध होणारच.

हे सगळं मला जवळून बघायला मिळतं, कारण माझ्या घरी प्रिंटर आहे. ज्याच्याकडे प्रिंटर त्याला संगणकातलं सगळं कळतं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. त्यातून मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणजे रिकामटेकडा आणि वर फॉर्मची सवय असलेला. त्यामुळे रविवारी सकाळी "काका, एक छोटंसं करेक्शन होतं" असं म्हणत कुणी ना कुणी दारात उभं राहतं, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत शाळा सोडल्याचा लॅमिनेट केलेला दाखला, पॅनकार्ड, आधारच्या झेरॉक्स, लाइट बिल, पासपोर्ट साइज फोटोंची एकमेकांना चिकटलेली थप्पी आणि का कोण जाणे, करोनाच्या लशीचं प्रमाणपत्र. लशीचं प्रमाणपत्र आजवर कुणी मागितलेलं नाही, पण ते आणल्याशिवाय कुणी येत नाही.

बँकेत आमच्यापैकी एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, मेकर आणि चेकर. नोंद करणाऱ्यानेच तपासणीची सही ठोकली की ऑडिटरच्या तोंडाला पाणी सुटायचं. त्यामुळे करड्या रकान्याबद्दल मला मनातून आदर आहे. तो मी रविवारी सकाळी बोलून दाखवत नाही, एवढंच.

मराठी माणसाची पहिली अडचण नावापाशी होते. आपण 'ज्ञानेश्वर' रोमन लिपीत डी-एन-वाय असा लिहितो. महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला वाटतं, कीबोर्डची बटणं अडकली असतील. तो बिचारा सद्भावनेने ते 'दुरुस्त' करून जी-वाय लिहितो आणि आळंदीचा माणूस एका फटक्यात हिंदी पट्ट्यातला होतो. वाघमाऱ्यांच्या घरात वडील डब्ल्यूचे असतात, मुलगा व्हीचा असतो, आणि दोघं बाप-लेक आहेत हे सिद्ध करायला तिसराच कागद लागतो. उलट्या दिशेचा प्रवास तर याहून बिकट. नाव रोमन अक्षरांत टाइप केलं की शेजारी मराठी नाव आपोआप उमटतं, अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते. ती सोय ज्याने केली त्याची ळ आणि ण या अक्षरांशी ओळख नसावी. काळे टाइप करावेत तर 'काले' उमटतात, मान्यांचे 'मने' होतात, आणि चव्हाणांचा ण कुठे जातो ते त्यांनाही कळत नाही. काना, मात्रा, वेलांटी यांच्या बाबतीत मराठी माणूस एरवी फार आग्रही नसतो. दुकानांच्या पाट्या बघितल्या की ते कळतं. पण स्वतःच्या नावावरचा अनुस्वार उडाला की त्याच्यात एकदम व्याकरणकार संचारतो.

देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, तेव्हा या क्षेत्रात आपण महाराष्ट्र म्हणून पहिल्यापासून आहोत. आणि आधारच्या नोंदीत काय किती वेळा बदलता येईल याचा हिशेब ठरलेला आहे. नाव आयुष्यात दोनदा, जन्मतारीख एकदा, लिंग एकदा, पत्ता वाटेल तितक्या वेळा. पत्त्याची उदारता मला पटते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या लोकांचा देश आहे हा. पण नावाच्या दोन संधींचा मुलींच्या बाजूने विचार केला तर गंमत होते. पहिली संधी लग्नात खर्च होते. दुसरी, लग्न मोडलं तर. त्यापुढे आयुष्यात काही करायचं ते विचार करून करावं, नाहीतर प्रादेशिक कार्यालयापुढे अपवाद म्हणून उभं राहावं लागतं. आमच्या शेजारच्या वहिनी लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही यावर बराच काळ विचार करत होत्या. स्त्रीवाद वगैरे कारणं असतील असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्या एक संधी शिल्लक ठेवत होत्या.

पॅनकार्डाचं तर विचारूच नका. त्या दहा अक्षरी नंबरात चौथं अक्षर तुम्ही व्यक्ती आहात, कंपनी आहात की आणखी काही, हे सांगतं. पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं. कुलकर्ण्यांची मुलगी देशपांड्यांकडे गेली, कार्डावरचं आडनाव रीतसर बदललं, नवा फोटोही लागला, तरी नंबरातला 'के' जागचा हलत नाही. नंबर बदलायचाच नसतो, कारण ती किल्ली आहे. बँकेची खाती, शेअर्स, घराचं कर्ज, सगळं त्याच किल्लीला लटकलेलं असतं. तिने उखाण्यात कुणाचंही नाव घ्यावं, सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून घ्यावं, प्राप्तिकर खातं तिचं माहेर विसरत नाही.

आता पुराव्याकडे या. आधारवरचं नाव दुरुस्त करायला पॅनकार्ड चालतं. पॅनवरचं नाव दुरुस्त करायला आधार चालतं. मतदार ओळखपत्र दोन्हीकडे चालतं. म्हणजे तिघेही एकमेकांचे जामीनदार. आमच्या ओळखीचे एक वसंतराव या तिन्ही कागदांवर 'वसन' आहेत. पहिल्या कागदावर कुणाच्या तरी हातून 'टी' राहिला आणि पुढच्यांनी पहिला बघून मनोभावे नक्कल केली. शाळेच्या दाखल्यावर तेवढे ते अजून वसंत आहेत. आता चूक कुठल्या कागदात आहे? वसंतरावांच्या मते तीन कागदांत. फॉर्मच्या मते एका कागदात, शाळेच्या. लोकशाही म्हटल्यावर बहुमताला मान द्यावाच लागतो. हल्ली वसंतराव असं म्हणायला लागलेत की राजपत्रात जाहिरात देऊन रीतसर 'वसन'च व्हावं, म्हणजे एकच कागद बदलावा लागेल. बारशाला ठेवलेलं, आईने हाका मारलेलं, कॉलेजात कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं नाव एका बाजूला आणि तीन झेरॉक्स दुसऱ्या बाजूला. झेरॉक्सचं पारडं जड आहे, हे वसंतरावांच्या पत्नीलाही मान्य आहे.

माझा भाचा हिंजवडीत आहे. म्हणजे करडे रकाने तयार करणाऱ्यांच्या पंगतीतच बसतो. दिवाळीत तो आलेला असताना वसंतराव आमच्या सोसायटीच्या पोर्टलवरचं स्वतःचं नाव बघून सुस्कारे टाकत होते. तिथेही वसन, तिथेही करडं. भाच्याने एक बटण दाबलं, स्क्रीनच्या उजवीकडे इंग्रजीचा एक ढिगारा उघडला, त्यातला एक शब्द शोधून पुसला, आणि रकाना लख्ख पांढरा झाला! वसंतरावांचा चेहरा मी विसरणार नाही. लाडू तोंडातच राहिला. त्यांनी थरथरत्या बोटाने 'टी' टाइप केला आणि 'जतन करा' दाबलं. हिरवी पट्टी आली, 'माहिती यशस्वीरीत्या जतन झाली'. पान पुन्हा उघडलं. वसन.

"मामा, करडा रंग हा फक्त दाखवायचा असतो," भाचा चकली मोडत म्हणाला. "म्हणजे लोकांनी उगाच टाइप करत बसू नये म्हणून. खरा नकार सर्व्हरवर. तिथे प्रत्येक रकान्याला विचारतात, हा बदलायचा या माणसाला अधिकार आहे का? नसेल तर टाकून द्यायचं."

"मग हिरवी पट्टी कशाला?" वसंतराव.

"बाकीचं सेव्ह झालं ना. तुमची जवळची खूण."

काही ठिकाणी आतला पहारेकरी झोपलेला असतो आणि पांढऱ्या केलेल्या रकान्यातलं खरोखरच आत जातं, असंही तो म्हणाला. कुठे ते मात्र सांगेना. वसंतरावांनी त्याला आणखी एक लाडू वाढला, तरी नाही.

पण करड्या रकान्याचा शोध काही हिंजवडीत लागलेला नाही. तो चावडीत लागला. महसूल खात्याच्या गाव नमुन्यांपैकी सातवा आणि बारावा मिळून सातबारा होतो, आणि सहावा म्हणजे फेरफाराची नोंदवही. या वह्यांचा पहिला नियम असा की एकदा लिहिलेलं पुसायचं नाही. माणूस वारला, जमीन विकली, बहिणीने हक्क सोडला, तर नावाला कंस करायचा आणि बाजूला फेरफाराचा क्रमांक टाकायचा. कंसातला माणूस वाचता येतो, पण त्याला आता काही म्हणता येत नाही. आमच्या गावाकडे म्हातारी मंडळी अजून "आबांना कंस कधी झाला?" असं विचारतात, आणि समोरचा वर्ष सांगतो. जुनं राहू द्यायचं, नवं खाली लिहायचं, कोणी कधी कशाच्या आधारावर बदललं हे त्याच ओळीत ठेवायचं, या गोष्टीसाठी भाच्याच्या कंपनीत मोठमोठ्या पगाराची माणसं ठेवलेली आहेत. तलाठी ते लाल शाईत करायचा. 2020 साली सातबाऱ्याचा नमुना सुधारला, तेव्हा कंस जाऊन नावावर आडवी रेघ आली. नाव अजूनही वाचता येतं. फक्त पूर्वी पणजोबांना कडेवर घेतल्यासारखं दिसायचं, आता खोडल्यासारखं दिसतं, म्हणून आमच्या एका चुलत्यांना राग आला होता.

हस्तलिखित सातबारे संगणकात गेले, तेव्हा चुकाही जोडीने गेल्या. 2017 साली गावोगाव चावडी वाचन झालं. गाव गोळा करायचं, सातबारे मोठ्याने वाचायचे, ज्याला चूक दिसेल त्याने बोलायचं. संगणकाच्या इतिहासात एखाद्या डेटाबेसची तपासणी इतक्या लोकांनी पारावर बसून केल्याचं दुसरं उदाहरण असेल असं वाटत नाही. दुरुस्तीसाठी तलाठ्यांना आधी 'एडिट मॉड्यूल' दिलं होतं, नंतर 'री-एडिट मॉड्यूल' दिलं. पहिल्याचं काय झालं असावं, हे दुसऱ्याच्या नावावरून समजून घ्यावं. मग 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला आणि लोकांना आपल्याच जमिनीच्या चुका पंधरा रुपयांत दिसू लागल्या.

आता ई-हक्क नावाची सोय आहे. ती ज्या पोर्टलवर आहे त्याचं नाव 'पब्लिक डेटा एन्ट्री'. एवढं खरं बोलणारं सरकारी नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. कारकुनाने टाइप करायचं ते पब्लिकने करायचं. त्यात एक यादी उघडते, आणि जमिनीबाबत तुमचं जे काही म्हणणं असेल ते त्या यादीत बसवावं लागतं. वारस नोंद. बोजा चढवणे. बोजा कमी करणे. मयताचे नाव कमी करणे. अपाक शेरा कमी करणे, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. एकुम्या नोंद कमी करणे. एकुम्या हा कुणी पैलवान नाही, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे. थोरल्या भावाचं नाव कुटुंबाच्या वतीने लागायचं आणि पुढे थोरल्याच्या मुलांना वाटायला लागायचं की जमीन आपलीच. ती यादी मी वर-खाली करून बघितली. महाराष्ट्रातले जमिनीचे तंटे ज्या कारणांवरून होतात त्यातलं एकही तिच्यात नाही. धाकट्याने बांध कोरला, हे नाही. वाटणीत विहीर तिकडे गेली आणि मोटर इकडे राहिली, हे नाही. आत्याने सही करताना चष्मा लावला नव्हता, हेही नाही.

आणि हे नाही तेच बरं आहे. समजा एका रात्रीपुरता सातबाऱ्याचा प्रत्येक रकाना पांढरा केला, ज्याने त्याने आपापली नोंद सुधारून घ्यावी म्हणून. सकाळी महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तिप्पट झालेलं असेल. पोटखराबा राज्यात कुठेच शिल्लक नसेल. कोकणातल्या हापूसच्या बागा अरबी समुद्रात चांगल्या आतपर्यंत गेलेल्या असतील. आणि 'मयताचे नाव कमी करणे' या पर्यायाखाली कितीतरी धडधाकट चुलते मृत पावलेले असतील, जे त्याच सकाळी शेतात पाणी धरताना सापडतील. माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. बत्तीस वर्षं काउंटरमागे काढलेला माणूस असं म्हणू शकत नाही. त्याला एवढंच ठाऊक असतं की हातात पेन दिलं की हात वळवळतो.

म्हणून ई-हक्कातला अर्ज तलाठ्याकडे जातो. 2024 पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे, पण गाव काही तसं म्हणत नाही. त्यांनी फेरफाराची नोंद धरायची, संबंधितांना नोटीस काढायची, हरकतीला पंधरा दिवस द्यायचे, मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. मेकर, चेकर आणि मध्ये सगळं गाव. ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याला बदल करण्याआधी विचारणारा दुसरा फॉर्म मला माहीत नाही. निव्वळ लिहिताना झालेली चूक असेल तर महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदार दुरुस्ती करू शकतात. हे कलम इतकं सोयीचं आहे की काही महाभागांना वाटणीपत्रातला अख्खा हिस्साच लिहिताना चुकलाय असं आठवायला लागतं.

एक रकाना मात्र सरकारने खरोखरच शेतकऱ्याच्या हातात दिला, पिकाचा. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर शेतकऱ्याने स्वतः गटात उभं राहून, फोटो काढून, आपलं पीक नोंदवायचं. चुकलं तर 48 तासांत दुरुस्त करायचं. सोय उत्तम. पण रेंज घराच्या गच्चीवर आणि पीक शिवारात, त्यामुळे सुरुवातीला बरीच मंडळी एक हात आकाशाकडे करून सोयाबीनमध्ये फिरताना दिसायची. काहींनी तर "बघू नंतर" म्हणून नोंदच केली नाही. मग 2023 उजाडलं. कांद्याचे भाव पडले, सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं, आणि अट घातली की सातबाऱ्यावर कांद्याची ई-पीक पाहणी हवी. जो रकाना भरायला हंगामभर कुणाला वेळ नव्हता, त्यात शिरायला आख्खा तालुका धावला. रकाना तोवर करडा झाला होता. कांदा शेतातून निघून, विकून, कुणाच्या तरी पोटात जाऊन पचलाही होता. आता त्याचा फोटो कुठून आणायचा? शेवटी गावातल्या समितीने खात्री करून द्यावी, अशी वाट काढावी लागली. म्हणजे पुन्हा पार आणि पुन्हा चावडी.

कधी रकाना पांढरा असतो, पण प्रश्नच वाकडा असतो. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत, कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचं विधान होतं आणि त्यापुढे होय किंवा नाही निवडायचं होतं. ज्या घरात सरकारी पगार कधी फिरकलाही नाही, तिथल्या बाईने सरळ मनाने 'नाही' निवडलं. नाही नाही म्हणजे आहे! हा नियम बीजगणितात ठीक आहे. चुलीवर दूध ठेवून मोबाइल हातात घेतलेल्या बाईला तो दीड हजार रुपयांना पडू शकतो. पुढे दुरुस्तीची सोय दिली गेली, ती एकदाच. प्रश्न लिहिणाऱ्याला वाक्य दुरुस्त करायची संधी किती वेळा असते, हे तिथे लिहिलेलं नव्हतं.

या सगळ्याच्या दारावर ओटीपी बसलेला असतो. गावाकडच्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या आधारला पुण्या-मुंबईतल्या मुलाचा नंबर जोडलेला असतो, कारण नोंदणीच्या वेळी घरात तेवढाच फोन चालू होता. आमच्या तात्यांना पत्ता बदलायचा होता. ते महा-ई-सेवा केंद्रात, मुलगा कंपनीत. फोन स्पीकरवर असल्यामुळे केंद्रातल्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आला का रं?"

"काय?"

"ओटीपी. सेतूत उभा हाय मी."

"तात्या, मीटिंगमध्ये आहे."

"मग मीटिंगमधल्यांना विचार, कुणाला आलाय का."

मुलाने मेसेज उघडण्यासाठी फोन कानापासून दूर धरला, तात्यांना वाटलं त्याने ठेवला, म्हणून त्यांनी ठेवला. परत लावला तर मुलगा तात्यांना लावत होता, दोन्हीकडून बिझी. लागला तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. मुलाने घाईघाईने पहिलाच वाचून दाखवला. तिसऱ्याच्या वेळी सहा आकडे नीट आले, तात्यांनी ते मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जातील असे, एक-एक करून सांगितले, आणि केंद्रातल्या पोराने मान हलवली, "सर्व्हर गेला." ओटीपी कुणालाही सांगू नका असं बँका कानीकपाळी ओरडत असतात. तात्यांचा ओटीपी तोवर तेरा माणसं आणि एक बोकड एवढ्यांना पाठ झाला होता. मोबाइल नंबर बदलून स्वतःचा का नाही लावत, असं मी त्यांना विचारलं. त्याची वेगळी रांग होती.

भविष्य निर्वाह निधीचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की रक्तदाब वाढतो. तिथे नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख वगैरे बदलायला कामगार आणि मालक दोघांनी मिळून घोषणापत्र द्यायचं असतं. 2025 च्या जानेवारीत नियम सैल झाले, आणि 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा क्रमांक असेल तर बरंच काही सभासदाला स्वतः बदलता येऊ लागलं. पण ज्याला खरी गरज, त्याचा क्रमांक त्याआधीचा आणि कंपनी कधीच बंद पडलेली. गेटाला गंज चढलेला, आत बाभळी उगवलेल्या, आणि फॉर्म विचारतोय, 'नियोक्त्याची मंजुरी प्रलंबित आहे, थांबणार का?' अशांसाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीची वेगळी वाट आहे. ती वाट सापडेपर्यंत माणूस फार शांत होतो.

सध्या माझ्याकडे मावशीचं प्रकरण आहे. मागच्या खेपेला तिच्या नातवाने तिची मतदार नोंद भरली. लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' हा पर्याय यादीत पहिला होता, नातवाला क्रिकेटला जायचं होतं, त्याने तो तसाच राहू दिला. त्यामुळे मावशी गेल्या निवडणुकीत पुरुष होती. मी फॉर्म 8 उघडला. 2022 च्या ऑगस्टपासून पत्ता बदल, नोंदीतली दुरुस्ती, नवं ओळखपत्र, सगळं या एकाच फॉर्मवर होतं. आणि आश्चर्य म्हणजे लिंगाचा रकाना पांढरा! मी 'स्त्री' निवडलं, कागद जोडला, कॅप्चामधलं वाकडंतिकडं अक्षर ओळखलं आणि माउस 'सबमिट'वर नेला.

"मावशी, दाबू ना?"

"थांब जरा." तिने चष्मा वर केला. "गेल्या वेळी बायकांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर आली होती. पुरुषांत चार टाळकी होती. यादी बघून त्या साहेबाने मला तिकडे उभं केलं, माझं कार्ड बघितलं, तोंड बघितलं, हसला आणि शाई लावली. दहा मिनिटांत घरी. कुकरही लागला नव्हता."

"अगं, पण नोंद चुकीची आहे."

"असू दे. त्यापेक्षा वय तेवढं खाली येतंय का बघ."